भानुदासरावांचं ‘बारीकसारीक’

आमच्या शेजारचे भानुदासराव ताटात आलेली भाकरी खाण्याआधी व्हर्नियरने मोजतात. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात नटबोल्टची जाडी बघायचं पोलादी माप. परवा व्हिडिओ कॉल चालू असताना माझ्या मागे उभं राहून जे गृहस्थ माझी नानकटाई त्या मापात धरून डोळे बारीक करून बघत होते, ते हेच. जोएल, तू विचारलंस की ते दातांचे डॉक्टर आहेत का. नाहीत. अनया, तू विचारलंस की ते बरे आहेत ना. या प्रश्नाचं उत्तर फोनवर, तेही भानुदासराव मागे उभे असताना, देता येत नव्हतं. म्हणून लिहिते आहे. अडलं तर आईला वाचून दाखवायला सांगा. तिचं मराठी अजून चांगलं आहे. लेकीचं मराठी लहानपणी मीच तपासत असे.

भानुदासराव मूळचे पारनेरकडचे. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी केली ती माल तपासण्याची. दुसऱ्याने बनवलेली वस्तू हातात घ्यायची, मापायची आणि तीनपैकी एक शब्द उच्चारायचा: ओके, रिवर्क, नाहीतर रिजेक्ट. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं, पण हे तीन शब्द परत मागून घ्यायचे राहिले. ते घेऊन भानुदासराव आमच्या सोसायटीत मोकळे सुटले. जिन्याची तिसरी पायरी रिजेक्ट झाली. निकमवहिनींच्या दारातली रांगोळी रिवर्कला गेली. निकमवहिनी म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी, त्यामुळे ते प्रकरण मिटायला बरेच दिवस लागले. एकदा गच्चीवर आम्ही सगळे मावळता सूर्य बघत उभे होतो, तर हे म्हणाले, “कालच्या मानानं आज फिनिशिंग न्हाई.”

अशा माणसाला काहीतरी उद्योग हवा, यावर सोसायटीत एकमत होतं, आणि आमच्या सोसायटीत एकमत सहसा होत नाही. तो उद्योग त्यांना ज्येष्ठ नागरिकांच्या मोबाईल शिबिरात सापडला. बाकीचे त्या शिबिरात रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवायला शिकले आणि आजतागायत थांबलेले नाहीत. भानुदासराव ब्लॉग लिहायला शिकले. ब्लॉगचं नाव ‘बारीकसारीक’. खाली एक ओळ: ‘रोजच्या जगण्यातले छोटे आनंद, तपासून दिलेले.’

त्यात वाळत घातलेल्या कुरडयांची सावली असते. काष्टीच्या बाजारातून आणलेली वांगी असतात, उंचीप्रमाणे उभी केलेली, आणि वांग्यांवर चार ओळींची कविता. नटबोल्ट जोडून ते चिमण्या बनवतात, त्या चिमण्यांचे डावीकडून आणि उजवीकडून काढलेले फोटो असतात. माझ्या शोकेसमधलं जे लोखंडी घुबड तुम्हाला कासव वाटलं होतं, तेही त्यांनीच दिलेलं. मी त्यांना कासवाचं बोलले नाही. पण मुख्य मजकूर खाण्याचा. आज घरात काय शिजलं आणि ते कसं लागलं.

गंमत अशी की बोलताना हा माणूस अगदी कोरडा. चहा कसा झालाय विचारलं तर “हाय बरा”. त्यापुढे शब्द नाही. पण अंगठे मोबाईलवर टेकले की त्याच चहाचे तीन परिच्छेद होतात. आलं ‘घशाच्या उंबऱ्यावर चप्पल काढून आत येतं’. साखर ‘आपण आहोत हे जाणवू न देता घर चालवणाऱ्या सुनेसारखी’ असते. असा मजकूर ब्लॉगवर चढवण्याआधी ते दुपारच्या चहाच्या वेळी माझ्या दारात उभे राहतात आणि म्हणतात, “बाई, इन्स्पेक्शन.” म्हणजे मी तपासायचं. आपण जन्मभर दुसऱ्याचा माल तपासला, तेव्हा आपलाही कोणीतरी तपासला पाहिजे, असा त्यांचा न्याय. मजकूर ते कागदावर छापून आणतात, कारण हातात लाल पेन नसेल तर मला वाचलेलं समजत नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकले आणि पुढे इंग्रजीच शिकवलं. विशेषण काढूनही वाक्य उभं राहत असेल तर विशेषण काढावं, हे मी इतक्या वर्गांना सांगितलं आहे की आता ते माझ्या हातालाच माहीत आहे. मी भराभर काढते. चप्पल काढली. उंबरा काढला. सून काढली. शेवटी उरलं, ‘चहा चांगला झाला होता.’ शेजारी मी लिहिलं, ‘एवढं पुरे.’

भानुदासराव तो कागद नीट बघतात, मान डोलावतात, “ओके” म्हणतात, घरी जातात आणि मी काढलेलं सगळं, चपला आणि सुनेसकट, ब्लॉगवर चढवतात. एकदा मी विचारलं, “ठेवायचंच आहे तर मला दाखवता कशाला?”

“तुमी काय काय काढता ते बघाया,” ते म्हणाले. “तुमी काढलं म्हंजे ते चवीचं असतं. ते मी डबल चेक करून ठेवतो.”

हा मी माझा अपमान समजले आणि दोन दिवस त्यांना साखर कमी घातलेला चहा दिला. तोही त्यांना ‘बरा’ लागला.

ब्लॉगला वाचक फारसे नव्हते. निकमवहिनी रांगोळीचा विषय पुन्हा निघाला का एवढं बघत. नियमित प्रतिसाद एकाचाच यायचा, इंग्रजीत: फार सुंदर लेख, स्वस्त बुटांसाठी इथे दाबा. भानुदासरावांनी त्याचे आभार मानले, त्याला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि आपण मूळचे कुठले, अशी चौकशी केली. मी त्यांना समजावलं की हा माणूस नाही, मशीन आहे.

“मग तर लई चांगलं,” ते म्हणाले. “माणूस तोंडदेखलं बोलंल. मशीनला काय गरज?”

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्या घरात सिंधू होती.

सिंधू म्हणजे भानुदासरावांची बायको. माहेर काष्टीचं. बोलणं कमी आणि हाताला अशी चव की तिच्या घरून वाटी आली की आमच्याकडे ती वाटी रिकामी परत द्यायची लाज वाटते. तर त्यांच्या घरी जेवणाची रीत अशी: भाकरी तव्यावरून उतरली की आधी व्हर्नियर. मग खिडकीपाशी फोटो. मग भानुदासराव एक घास खाणार, डोळे मिटणार, अंगठ्यांनी लिहायला लागणार. लिहून झालं की सगळं सिंधूला मोठ्याने वाचून दाखवणार. तोवर सिंधू ताटाला हात लावत नसे. ‘भाकरीचा गरमागरम पापुद्रा’ हा लेख तिने वातड झालेल्या भाकरीसमोर बसून ऐकलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

“तू जेवून का घेत नाहीस गं?” मी विचारायची.

“त्यांचं होऊ द्या की, बाई,” एवढंच ती म्हणायची.

बायकांत यावर फार बोललं जायचं. “आनंद ह्यांचा आणि गार गोळा तिला,” निकमवहिनी म्हणायच्या. यात त्यांचं आणि माझं एकमत होतं. मी तर मनात एक भाषणही तयार करून ठेवलं होतं.

दर डिसेंबरात चांगली थंडी पडली की एका रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हुलग्याच्या शेंगोळ्यांचं जेवण असतं. तुम्ही ते खाल्लेले नाहीत. हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायचं, पीठ घट्ट मळायचं, तळहातावर करंगळीपेक्षा बारीक वळून त्याची वेटोळी करायची आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायची. ती शिजतात तसा रस्सा दाटतो. हे जेवण सिंधू करते. तो तिचा दिवस. एरवी जिन्यात बाजूला उभी राहून वाट देणारी सिंधू त्या दिवशी पदर खोचून “बारीक वळा वहिनी, दोरखंड करताय का” असं म्हणते, आणि चेअरमनचंही न ऐकणाऱ्या निकमवहिनी निमूट बारीक वळतात.

गेल्या वर्षी पहिलं ताट वाढलं आणि भानुदासरावांनी रांग थांबवली. त्यांना फोटोसाठी ऊन डावीकडून हवं होतं. ऊन डावीकडे आलं तोवर पातेल्यातले शेंगोळे एकमेकांना चिकटले होते आणि रस्सा कुठे गेला ते कोणाला कळलं नाही. ब्लॉगवर ते ‘वाफाळते’ होते.

म्हणून यंदा निकमवहिनींनी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना टाकली: ‘भोजनाच्या ठिकाणी मोबाईल, व्हर्नियर व कविता आणू नयेत.’ नाव कोणाचं नव्हतं. गरजही नव्हती.

जिन्यात भानुदासराव म्हणाले, “मग मी येत न्हाई.”

याची आमची तयारी होती. पण त्यांच्या मागून सिंधू म्हणाली, “मग माझंबी न्हाई जमायचं.”

निकमवहिनी तिच्याकडे वळल्या. “अगं, तुझ्यासाठीच केलं ना हे? एक दिवस तरी सुखाने गरम खाशील.”

“माझ्यासाठी कशाला, वहिनी? मी कवा मागितलं?”

“बरं तर,” निकमवहिनी म्हणाल्या. “केटररला पावभाजी सांगते. सगळ्यांचीच सुटका.”

पावभाजी म्हटल्यावर सिंधूचा चेहरा उतरला. एकदा पावभाजी आली की पुढच्या वर्षी शेंगोळे कोण मागणार, हे तिलाही समजत होतं आणि मलाही. आमच्या सोसायटीत वर्षाकाठी सिंधूच्या वाट्याला एक दिवस येत होता आणि तो चालला होता.

मी मध्ये पडले. शाळेत दोन मुलं भांडली की करायचे तोच तोडगा काढला: वस्तू माझ्याकडे जमा. मोबाईल आणि व्हर्नियर माझ्या पर्समध्ये राहतील, भानुदासराव पातेल्यापाशी उभे राहतील, सिंधू शेंगोळे करील. निकमवहिनींना पटलं. भानुदासराव मात्र घुटमळले.

“लिवल्याबिगर मला सांगता येत न्हाई, बाई.”

“काय सांगता येत नाही?”

त्यांनी सिंधूकडे पाहिलं. सिंधूने पायरीकडे पाहिलं. “काय न्हाई,” ती म्हणाली. “येतील ते.”

रविवारी मी चर्चमधून थेट पार्किंगमध्ये आले. पर्समध्ये व्हर्नियर असल्याने ती खांद्याला टोचत होती, आणि उपासनेच्या वेळी ती बाकावर ठेवताना मोठा आवाज होऊन पुढच्या तीन रांगांनी मागे वळून पाहिलं होतं. पुढच्या बाजूला निकमवहिनी सतरंज्या अंथरून घेत होत्या. मागे पाण्याच्या मोटरपाशी शेगडीवर पातेलं रटरटत होतं. तिथे सिंधू आणि भानुदासराव दोघंच होते.

सिंधूने पळीभर रस्सा वाटीत काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी फुंकर घातली, घोट घेतला, डोळे मिटले. अंगठे हवेत हलले. तिथे मोबाईल नव्हता.

“कसं झालंय?” सिंधूने विचारलं.

“चांगलं हाय.”

“चांगलं म्हंजे?”

“म्हंजे… चांगलं.”

“मीठ?”

“हाय.”

“हाय ते मला ठाव हाय, मीच घातलंय. किती हाय?”

“असंल की बरोबर.”

“असंल? एवढी माणसं जेवायची आन असंल?”

भानुदासरावांना घाम फुटला होता, आणि डिसेंबरच्या नगरमध्ये घाम फुटायला बरंच काही व्हावं लागतं. मला हा खेळ समजेना. “अगं, त्यांना काय विचारतेस,” मी म्हटलं. “तूच चाख की.”

सिंधूने माझ्याकडे पाहिलं. मग सतरंज्यांकडे पाहिलं. वाटी तोंडाला लावून तिने उरलेला रस्सा सगळा पिऊन टाकला आणि वाटी खाली ठेवली.

“गरम हाय,” ती म्हणाली. “मला एवढंच कळतं, बाई.”

तापाची साथ आली होती त्या वर्षी सोसायटीत बऱ्याच जणांच्या तोंडाची चव गेली होती. “समद्यांची परत आली,” सिंधू हलक्या आवाजात सांगत होती आणि पळी फिरवत होती. “माझी न्हाई आली. वास न्हाई, चव न्हाई. डॉक्टर झालं, औषधं झाली. घास गिळतच नव्हता, माती खाल्ल्यावानी व्हायचं. मग हे लिवून वाचाया लागले. ते वाचलं की मला याद येतं, कसं लागायचं ते. मग घास जातो. मीठ-तिखटबी त्याच्यावरनंच घालते मी. गार तर गार, पण काय खातोय ते तर कळतं.” तिने पुन्हा सतरंज्यांकडे पाहिलं. “वहिनींना नका सांगू. शेंगोळे काढून घेतील माझ्याकडनं.”

गरम, एवढंच तिला कळत होतं. आणि तेवढंही ती रोज जाऊ देत होती, वाचून होईपर्यंत. माझं तयार भाषण मी सगळंच्या सगळं काढून टाकलं. भानुदासराव मोटरकडे तोंड करून उभे होते, जणू मोटरचीच तपासणी चालू होती.

मी पर्स उघडली. मोबाईल बाहेर काढला असता तर निकमवहिनींना दिसला असता, आणि नियम माझाच होता. हाताला लागला तो चर्चमधला उपासनेचा कागद. त्याची मागची बाजू कोरी होती. लाल पेन असतंच. दोन्ही मी भानुदासरावांना दिलं.

तेलाच्या डब्यावर कागद ठेवून ते लिहायला लागले. लिहून झाल्यावर मी तो कागद घेतला आणि वर्गात वाचायची तशी खड्या आवाजात वाचला. एकही शब्द काढला नाही. “हुलगा आल्या-आल्या घरच्यासारखा मांडी घालून बसतो. जिरं त्याच्या शेजारी. मीठ दारापर्यंत आलं आहे, आत यायला लाजतं. लसूण मागच्या बाकावरच्या हुशार मुलासारखा आहे. त्याला उत्तर येतं, पण तो हात वर करत नाही.”

सिंधूने डोळे मिटून ऐकलं. मग चिमूटभर मीठ टाकलं, थांबली, आणखी अर्धी चिमूट टाकली. छोट्या कढईत तेल तापवून मूठभर लसूण ठेचून घातला आणि ती फोडणी पातेल्यावर ओतली. चर्रर्र झालं. भानुदासरावांनी पुन्हा घोट घेतला, पुन्हा लिहिलं, मी पुन्हा वाचलं. “मीठ आत आलं. लसणाने हात वर केला आणि उत्तर बरोबर दिलं.”

आवाज ऐकून निकमवहिनी आल्या. “काय वाचताय, बाई?”

“चर्चचा कागद आहे,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

निकमवहिनींनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि पातेल्यासमोर क्षणभर शांत उभ्या राहिल्या.

जेवण झालं. शेंगोळे चांगले झाले होते. कोणी तिसऱ्यांदा वाढून घेतलं, कोणी डबे आणले होते ते भरून नेले. “पाहिलंत?” निकमवहिनी सगळ्यांना सांगत होत्या. “मोबाईल नसला की कसं गरम मिळतं.” शेवटच्या पंगतीला सिंधू आणि भानुदासराव शेजारी बसले. कागद तिने माझ्याकडून मागून घेऊन कमरेला खोचला होता. भानुदासरावांचे अंगठे अजून मोकळेच होते. त्यांनी एक घास खाल्ला आणि फार कष्टाने म्हणाले, “हुलगा… हुलगा हाय.”

“कळलं मला,” सिंधू म्हणाली. “खावा आता. निवंल.”

आणि तिने स्वतः वाफ येणारा घास उचलला.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी दारात आवाज आला, “बाई, इन्स्पेक्शन.” मी कागद घेतला, पेन उघडलं, सगळं वाचलं आणि पेन बंद केलं. भानुदासरावांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “आज काय काढलं न्हाई?” ते म्हणाले. त्यांना काळजी वाटली. माझी तब्येत विचारली.

मग मी त्यांना हे, तुमच्यासाठी लिहिलेलं, वाचायला दिलं. त्यांचं गुपित त्यात आहे, पण तुम्ही काही निकमवहिनींना भेटणार नाही, आणि सिंधू म्हणाली, पोरांना सांगा खुशाल. भानुदासरावांनी उभ्या उभ्या वाचलं. जिथे मी लिहिलं होतं, ‘शेंगोळे चांगले झाले होते’, तिथे ते थांबले. माझ्या हातातलं लाल पेन घेऊन त्यांनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘रिवर्क.’

“पोरं एवढी लांब,” ते म्हणाले. “त्यांना कसं कळायचं?”

तर पुन्हा लिहिते. आधी नुसतं गरम लागतं, ओठांना आणि नाकाला. मग हुलगा येतो, दुपारच्या उन्हात तापलेल्या कोरड्या रानासारखा, जरासा तुरट. जिरं कुठे संपतं आणि लसूण कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही, बहिणींचे आवाज फोनवर सारखे लागतात तसं. शेंगोळा दातांखाली जरा हट्ट करतो आणि मग ऐकतो. मिरची सगळ्यात शेवटी येते, त्या नाताळला तुम्ही न कळवता आला होतात तशी. आधी काही चाहूल नाही, आणि मग एकदम सगळं घर भरून.

आईला म्हणावं, हे सावकाश वाच.